सासऱ्याने लावलेल्या गिटारी

कामोठे, नवी मुंबई
रविवार, ८ फेब्रुवारी २०२६

चि. राजनंदिनी,

पप्पांचा आशीर्वाद. आईचाही लिहिला असता, पण ती भजनी मंडळात गेली आहे आणि मी पत्र लिहितोय हे तिला ठाऊक नाही. तरी तिचा धरून चाल.

पाकिटावर माझं अक्षर बघून दचकली असशील. कोणाला काही झालेलं नाही. आईचा गुडघा आहे तसाच, माझी शुगर आहे तशीच. फोन सोडून कागद घेतला, कारण फोनवर माझी दोन वाक्यं झाली की तुझं ‘पप्पा, कस्टमर आलेत, नंतर करते’ सुरू होतं. बँकेची मॅनेजर आहेस, तुझंही बरोबर. पण या वेळी मला मधे कोणी कस्टमर नकोय. चंद्रपूरला आता ऊन चढायला लागलं असेल. कूलर आत्ताच साफ करून घे, एप्रिलमध्ये माणूस मिळत नाही.

पावणे एमआयडीसीतलं आपलं वर्कशॉप बरं चाललंय. परवा केबिनमध्ये चहा पीत होतो, तर एका प्रेसचा आवाज बदललेला वाटला. पत्रा कापताना ‘खट’ यायला पाहिजे, तिथे ‘खच्’ येत होतं. बसल्या जागेवरून ओरडलो, "मारोती, डाय उतरव, धार गेलीये!" मारोतीला कुठलं ऐकू येतंय. उठून त्याच्या खांद्याला हात लावावा लागला. डाय उतरवली तर पत्रा कापायची कडा खरंच बोथट झालेली. मारोती हसून म्हणाला, "शेठ, माझंबी कान तुमच्याकडंच आल्यात जनू."

आता खरी बातमी. मला एफ लागला! गिटारवरचा एफ कॉर्ड. एका बोटाने आडवं पडून सगळ्या तारा दाबून धरायच्या आणि उरलेल्या बोटांनी बाकीचं सांभाळायचं. निम्मी मंडळी या एफपाशीच क्लास सोडून जातात म्हणे. मी सोडला नाही. बोटांच्या टोकांना चरे पडले, आईने त्यावर हळद लावली आणि म्हणाली, "या वयात माणसं गुडघ्याला तेल लावत्यात, तुमचं काय भलतंच."

मी गिटार का शिकायला लागलो ते तुला कोणी नीट सांगितलं नसणार. तू बदलीवर गेलीस तेव्हापासून आई दर रविवारी माझ्या हातात डबा द्यायची. "आवं, ते पोरगं एकटं काय खात असंल, देऊन या." मी जायचो. निशांतराव दार उघडायचे. मग आम्ही दोघं समोरासमोर. मी पंख्याकडे बघायचो, ते मोबाइलकडे. "वर्कशॉप काय म्हणतंय पप्पा?" "ठीक. क्लास काय म्हणतोय?" "ठीक." संपलं. सासऱ्याने आणि जावयाने याच्या पलीकडे बोलायची आपल्याकडे सोयच नाही. एका रविवारी मीच म्हणालो, "निशांतराव, तुमच्या क्लासात नाव घालू का माझं?" त्यांना वाटलं मी थट्टा करतोय. माझे हात बघून म्हणाले, "ही बोटं तारेवर मावतील का?"

मावली. दसऱ्यापासून जातोय. त्या छोट्या गाळ्यात स्टुलावर मी, आणि भोवती कॉलेजची पोरं. मला ‘काका’ म्हणतात. पहिल्या दिवशी जावयाला काय म्हणायचं ते सुचेना, तेव्हा मी सगळ्यांसमोर ‘निशांतराव सर’ म्हणालो. क्षिप्रा नावाची मुलगी आहे, इंजिनिअरिंगला, गाते छान, ती एवढी हसली की तिच्या हातातली गिटार खाली सटकली. निशांतराव पण हसले. मग माझ्याजवळ आले, माझा अंगठा सैल केला आणि म्हणाले, "पप्पा, ती तार आहे, पत्रा नाही. एवढं दाबायचं नसतं." पोरी, लग्नाला चार वर्षं झाली, पण हा माणूस माझ्याशी बोलला तो त्या दिवशी.

तू त्यांच्यात काय बघितलंस ते मला लग्नात कळलं नव्हतं. ते शिकवताना बघितल्यावर कळलं. त्यांचा एक नियम आहे. गिटारीला चिकटवायचं ते सूर दाखवणारं यंत्र क्लासात आणायचं नाही. "यंत्र तुमच्यासाठी ऐकायला लागलं की तुम्ही ऐकायचं सोडता. कानाने लावा." मला हे फार पटलं. माझा सगळा धंदा कानावरच उभा राहिलाय.

आता पुढचं लिहितो, शेवटपर्यंत वाच.

दिवाळीच्या आधी मला भिंतीवरच्या गिटारी खटकायला लागल्या. क्लासच्या गिटारी निशांतराव स्वतः आदल्या रात्री सुरात लावून ठेवतात. सगळ्यात बारीक तार किंचित उतरलेली असायची. अगदी किंचित. बाकी कोणाच्या लक्षात येण्यासारखं नव्हतं. मला आधी वाटलं, आपणच नवशिके, आपलाच कान चुकतोय, सर आहेत ते. पण प्रेसचं ‘खट’ आणि ‘खच्’ यातला फरक ज्याने जन्मभर ऐकला, त्याला किती दिवस फसवणार?

मग मी माणसाकडे बघायला लागलो. क्षिप्राने मागून काही विचारलं की उत्तर नाही. पुन्हा विचारलं की भलत्याच प्रश्नाचं उत्तर. पोरं आपसात म्हणायची, "सर आजकाल ॲटिट्यूड देतात." कोणी विनोद केला की निशांतराव हसायचे, पण सगळे हसल्यानंतर. एक क्षण उशिरा. आणि बोलणाऱ्याच्या डोळ्यांकडे बघायचे नाहीत, ओठांकडे बघायचे.

राजनंदिनी, हे मी आधी बघितलेलं होतं. मारोती आणि मी तरुणपणी तुर्भ्याच्या एका कारखान्यात शेजारशेजारच्या प्रेसवर होतो. त्याचे कान हळूहळू जात होते तेव्हा तो असाच उशिरा हसायचा. आम्ही त्याची टिंगल करायचो, मारोतीचं घरात कधी भांडण होत नाही, कारण बायको काय बोलते ते त्याला कळतच नाही. फार वर्षांनी मी त्याला विचारलं, तू तेव्हाच का नाही सांगितलंस? तर म्हणाला, "सांगितलं की मानसं आपल्याशी बोलायची बंद होत्यात. निस्तं कामापुरतं सांगत्यात. गप्पा कुनी मारत न्हाई."

आता तू म्हणशील, पप्पा, तुम्हाला कळलं होतं तर तुम्ही त्यांना विचारलं का नाही? कसं विचारणार? जावई. ताटात मीठ कमी पडलं तरी आपण त्याच्यासमोर आवाज काढत नाही. त्यात क्लासात ते गुरू. आणि गिटार शिकवणाऱ्या माणसाला सासऱ्याने विचारायचं, तुम्हाला ऐकू येतं का? 

मग मी माझ्या डोक्याने एक उपाय काढला. "मी लवकर येऊन गाळा उघडत जाईन, झाडू मारून ठेवीन," असं सांगून चावी घेतली. क्लासच्या आधी जायचो आणि एकेक गिटार भिंतीवरून उतरवून लावून ठेवायचो. यंत्राशिवाय, त्यांनी शिकवल्याप्रमाणे, कानाने. त्यांचा मान राहावा एवढंच मनात होतं. पोरं खूश. क्षिप्रा एकदा म्हणाली, "सर, हल्ली गिटार्स काय मस्त ट्यून असतात!" निशांतरावांचा चेहरा असा उजळला की मलाच बरं वाटलं. वाटलं, जमलं आपल्याला.

काय जमलं होतं ते सव्वीस जानेवारीला कळलं.

सोसायटीत सकाळी झेंडावंदन, दुपारी सत्यनारायण, संध्याकाळी कार्यक्रम आणि जेवण, दरवर्षीसारखंच. या वर्षी सेक्रेटरी हट्ट करून बसले की सरांच्या क्लासचं काहीतरी पाहिजेच. आम्ही सगळ्यांनी मिळून वाजवलं, तेवढं निभावलं. शेवटी निशांतराव एकटे वाजवणार आणि क्षिप्रा गाणार. त्यांची स्वतःची गिटार ते घरून आणतात, तिला माझा हात कधी लागत नाही. स्टेजवर बसून त्यांनी ती लावली.  बारीक तार पिळत गेले, पिळत गेले, मग मान हलवली, झालं म्हणून. झालं नव्हतं.

क्षिप्रा गायला लागली. एक ओळ गेली, दुसरीत तिचा सूर डगमगला. तिने त्यांच्याकडे बघितलं. ते डोळे मिटून वाजवत होते. ती थांबली. ते वाजवतच राहिले. पुढच्या रांगेतला कोणीतरी हसला, सेक्रेटरींनी टाळ्या सुरू केल्या, मग सगळ्यांनी घाईघाईने टाळ्या वाजवल्या. निशांतरावांनी डोळे उघडले, टाळ्या वाजवणारी माणसं बघितली आणि क्षिप्राचा चेहरा बघितला.

कार्यक्रमानंतर ते मांडवामागे उभे होते, केटररच्या खुर्च्यांची थप्पी लागलेली तिथे. मी जाऊन समोर उभा राहिलो. बाजूला नाही, समोर.

"क्लासच्या गिटारी तुम्ही लावत होता?" त्यांनी विचारलं.

"हो."

"कधीपासून?"

"दिवाळीच्या आधीपासून."

त्यांनी थप्पीतल्या वरच्या खुर्चीवर हात टेकला. मग म्हणाले, "मला वाटलं माझा कान सुधारतोय. एक तार वाजवली की दोन वाजल्यासारख्या ऐकू यायच्या, एक या कानात, एक त्या कानात, वेगवेगळ्या. दिवाळीत वाशीच्या डॉक्टरांची वेळ घेतली होती. मग पोरं म्हणायला लागली, ट्यूनिंग मस्त आहे. म्हटलं, म्हणजे हातातून बरोबर निघतंय. मी वेळ रद्द केली, पप्पा."

 त्यांचा मान ठेवता ठेवता मी त्यांना अंधारात ठेवलं होतं.

"राजनंदिनीला सांगायचं नाही," ते म्हणाले. "ती नोकरी टाकून धावत येईल आणि मग जन्मभर माझ्याशी हळू, मोठ्याने, एकेक शब्द तोडून बोलेल. मला ती तशी नकोय. शब्द द्या."

मी शब्द दिला. मी दिलेला शब्द मोडत नाही हे तुला माहीत आहे. तरी हे लिहितोय. त्याचं कसं काय, ते खाली येतं.

दुसऱ्या दिवशी मी त्यांना वाशीला घेऊन गेलो. काचेच्या खोलीत बसवून तपासणी झाली. दोन्ही कान उतरलेत, एक जास्त. जे गेलं ते परत येत नाही, जे आहे ते जपायचं आणि कानाला मशीन लावायचं. डॉक्टर म्हणाले, "दिवाळीत आला असतात तर बरं झालं असतं." निशांतरावांनी त्या वेळी माझ्याकडे बघितलं नाही. हा त्यांचा चांगुलपणा. मशीनचं माप देऊन आलेत, पण आणायला जात नाहीत. आज जाऊ, उद्या जाऊ. "पोरांनी बघितलं तर क्लासला कोण येईल?" असं एकदा म्हणाले. खरंच, कोण येईल? मलाही माहीत नाही.

आता तुझ्याबद्दल.

गुरुवारी तू आईला फोन केलास. आईने मला काही सांगितलेलं नाही, तिला दोष देऊ नकोस. तिने फोन स्पीकरवर ठेवून भाजी निवडली आणि मी बाहेर पेपर वाचत होतो. माझे कान तुला माहीत आहेत. तू म्हणालीस, घटस्फोटासाठी वकिलाशी बोलले आहे. म्हणालीस, निशांतरावांनी फोन उचलणंच सोडलंय, उचलला तर हो, बरं, ठीक. आणि मग ते कर्जवसुलीच्या दिवसाचं सांगितलंस. थकबाकीदाराच्या दारात त्या माणसाने तुझ्यावर कोयता उगारला. गाडीत बसून तू निशांतरावांना फोन केलास. "आई, मी रडत होते, आणि तो म्हणाला, छान, जेवलीस का?"

पोरी, तुझ्यावर कोणी हत्यार उगारलं हे मला असं पेपराआडून ऐकावं लागलं. त्याचं मी तुला वेगळं विचारणार आहे. पण ते राहू दे.

शुक्रवारी क्लास सुटल्यावर मी निशांतरावांना थांबवलं. विचारलं, तिने गाडीतून फोन केला होता तेव्हा ती काय म्हणाली? ते म्हणाले, "मागे गाडीचा आवाज होता. तिचा आवाज वरखाली होत होता, शब्द लागत नव्हते. खूप दिवसांनी एवढी भडाभडा बोलत होती. मला वाटलं, ती हसतेय."

मग मी सांगितलं ती काय सांगत होती ते.

ते स्टुलावर बसले. मी त्यांना तसं बसलेलं आधी कधी बघितलं नव्हतं, आणि ते तुला वर्णन करून सांगणार नाही, ते त्यांचं आहे. एवढंच सांगतो की तुझा फोन येतो तेव्हा काय होतं ते मी डोळ्यांनी बघितलंय. स्क्रीनवर तुझं नाव येतं, ते फोन हातात घेतात आणि वाजायचा थांबेपर्यंत धरून बसतात. मग ‘क्लासमध्ये आहे’ असा मेसेज करतात. त्या वेळी क्लास नसतो.

मी म्हणालो, "आता तरी तिला सांगा."

"कसं? फोनवर? मी सांगीनही. त्यावर ती काय म्हणाली ते मला कळेल का?"

"मग मेसेज करा."

"असलं मेसेजवर सांगतात का, पप्पा?"

मी म्हणालो, "मग मी पत्र लिहितो."

ते म्हणाले, "तुम्ही शब्द दिलाय."

"दिलाय. म्हणून पाकीट बंद करणार नाही. तुमच्या हातात देईन. वाचा. फाडावंसं वाटलं तर फाडा, मी पुन्हा विषय काढणार नाही. पाठवावंसं वाटलं तर तुमच्या हाताने पोस्टात टाका."

ते स्टुलावरून उठले. गिटारी भिंतीवर टांगत राहिले.

तेव्हा राजनंदिनी, हे तू वाचत असशील तर मी शब्द मोडलेला नाही. यातली प्रत्येक ओळ त्यांनी आधी वाचली आहे, क्षिप्रा थांबली ती ओळसुद्धा, आणि वाचून पाकीट चिकटवलं आहे. हे मी लिहितोय तेव्हा मला माहीत नाही ते चिकटवतील की नाही. उद्या सकाळी देणार आहे.  

निशांतराव, तुम्ही वाचताय म्हणून तुमच्यासाठी एक ओळ: मी लिहिलंय त्यात काही चुकलं असेल तर खोडा, पण पान फाडू नका.

पोरी, त्यांना माफ कर असं मी म्हणत नाही. तो माझा प्रांत नाही. तुझ्यावर कोयता उगारला गेला आणि तुझं माणूस ‘छान’ म्हणालं, ती रात्र तू एकटीने काढलीस, ते कुठल्या डॉक्टरच्या कागदाने पुसलं जात नाही. त्यांनी लपवलं तेही खरंच आहे. वकिलाकडे जायचं तर जा. मी तुझ्याबरोबर येईन, फाइल मी धरीन. फक्त जाताना खरं कारण घेऊन जा. ‘तो माझ्याशी बोलत नाही’ हे कारण खोटं आहे, आणि खोट्या कारणावर माझ्या मुलीने संसार मोडू नये, एवढंच माझं म्हणणं.

यायचं ठरवलंस तर त्यांना फोन करू नकोस. कळवूही नकोस. सरळ ये. उजेडात समोर बस, आणि नेहमी बोलतेस तशीच बोल, भराभर, भांडल्यासारखी. हळू बोलू नकोस. त्यांना जे कळणार नाही ते ते पुन्हा विचारतील. पुन्हा विचारायला ते शिकले नसतील तर तेही त्यांना शिकावं लागेल. मी या वयात एफ शिकलो.

आई आली. खाली लिफ्टचं दार वाजलं आणि मागोमाग तिची चप्पल. थांबतो.

तुझा, आणि त्यांनी हे पाकीट बंद केलं असेल तर आजपासून त्यांचाही,
पप्पा